घोड्यावरचा उपचार : कुणासाठी आणि कुणाच्या हातून?



गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी नांदे गावातल्या एका वस्तीत आम्ही तपासणीला बसलो होतो. रविवारची वंदना झाली होती, विहाराच्या ओट्यावर बायका-मुलांची रांग लागली होती. एक ताई चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आली. मूल अंगाने बरे होते, हसत होते, पण मान जेमतेम धरत होते आणि आधाराशिवाय बसत नव्हते. दोन्ही पाय ताठ, कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. जन्मल्यावर ते लगेच रडले नव्हते, बारा दिवस काचेच्या पेटीत होते. जुन्या कागदावर डॉक्टरांनी 'सेरेब्रल पाल्सी' असे लिहून ठेवले होते.

ताई सकाळी सोसायटीतल्या तीन घरची धुणीभांडी करते. त्यांपैकी एका घरच्या बाईंनी तिला मोबाईलवर व्हिडिओ दाखवला होता. परदेशातले असेच एक मूल घोड्यावर बसले आहे आणि खिदळते आहे. पुढे कुणीतरी एका घोडेवाल्याचा पत्ता दिला. तो म्हणाला, "पंधरा वेळा बसवा, पोरगं चालायला लागेल." पैसे तेवीस हजार, त्यातले निम्मे आगाऊ. ताई बचत गटातून कर्ज काढायच्या बेतात होती. तिने आम्हाला विचारले, "सिस्टर, खरं असतं का हो हे?"

मग थोडे थांबून तिने मनातले सांगितले. तिच्या आजेसासऱ्यांना लग्नाच्या वरातीत गावकऱ्यांनी घोड्यावरून खाली उतरवले होते. घरात ती गोष्ट अजून सांगतात. "माझं पोरगं घोड्यावर बसलेलं मला बघायचंय," ती म्हणाली.

तिला आम्ही त्या दिवशी जे सांगितले आणि नंतर जे घडले, ते सगळ्या वस्त्यांतल्या आयांना उपयोगी पडेल म्हणून इथे लिहीत आहोत.

घोड्याच्या पाठीवर काय घडते?

घोड्याच्या मदतीने उपचार ही खरी गोष्ट आहे. तिला हिप्पोथेरपी म्हणतात. ग्रीक भाषेत 'हिप्पोस' म्हणजे घोडा. यात जादू नाही, मंत्र नाही. घोड्याच्या चालीचा उपयोग आहे.

आपण चालतो तेव्हा आपले कंबरेचे हाड पुढे-मागे हलते, डावी-उजवीकडे कलते आणि थोडे वळतेही. चालणारा घोडा आपल्या पाठीवर बसलेल्या माणसाची कंबर जवळजवळ तशीच हलवतो. ज्या मुलाने आयुष्यात एक पाऊल टाकलेले नाही, त्याच्या कंबरेला आणि पाठीला चालण्याचा अनुभव बसल्या बसल्या मिळतो. घोडा संथ चालला तरी मिनिटाला सुमारे शंभर पावले पडतात. म्हणजे दहा मिनिटांत हजारभर वेळा मुलाचा तोल थोडा थोडा जातो, आणि तेवढ्याच वेळा पोटाचे, पाठीचे, मानेचे स्नायू तो सावरायला बघतात. शिवाय घोड्याचे अंग ऊबदार आणि पाठ रुंद असते. त्यावर पाय फाकून बसल्याने मांडीचे आखडलेले स्नायू हळूहळू सैल पडायला मदत होते.

हे सगळे आपोआप मात्र होत नाही. घोडा किती वेगाने चालवायचा, कुठे थांबवायचा, कधी वळवायचा, मुलाला पुढे तोंड करून बसवायचे की मागे, हे ठरवणारा जाणकार माणूस लागतो. तो मुलाकडे सारखा बघत असतो आणि त्याचे अंग कसे साथ देते आहे त्याप्रमाणे बदल करत असतो. हा माणूस व्यवसायोपचार तज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट किंवा वाचा-उपचार तज्ज्ञ असतो. त्यातल्या पहिल्याची ओळख आपल्या वस्त्यांत सगळ्यांत कमी आहे, म्हणून आधी ती करून घेऊ.

व्यवसायोपचार म्हणजे धंद्याचे कर्ज नव्हे

'व्यवसायोपचार' शब्द ऐकला की लोकांना वाटते, धंद्यासाठी काही योजना आहे. त्याचे इंग्रजी नाव ऑक्युपेशनल थेरपी. दवाखान्यात त्यालाही 'ओटी' म्हणतात, त्यामुळे लोक घाबरून ऑपरेशन थिएटर समजतात. आम्ही नर्सिंगला असताना आमचाही हा घोळ झाला होता.

इथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर जे जे करतो ते सगळे. जेवणे, कपडे घालणे, संडासला जाणे, शाळेत लिहिणे, खेळणे, कामावर जाणे. आजाराने किंवा अपंगत्वाने यातले जे अडले असेल, ते पुन्हा जमावे म्हणून शरीराला सराव देणे, हातात वेगळी साधने देणे आणि घराची मांडणी बदलून देणे हे या तज्ज्ञाचे काम. अर्धांगवायू झालेल्या आजीला एका हाताने पोलके घालायला तोच शिकवतो. यंत्रात बोटे गेलेल्या कामगाराला पुन्हा हत्यार धरायलाही तोच शिकवतो.

आपल्या देशात या विद्येचे शिक्षण मुंबईत सुरू झाले. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्न करून मराठी घरात आलेल्या कमला निंबकर यांनी 1950 साली के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे भारतातले पहिले शिक्षण सुरू केले. 1952 मध्ये या तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. 1955 मध्ये हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था सुरू झाली. आज मुंबईतल्या के. ई. एम., नायर आणि सायन या पालिकेच्या रुग्णालयांत आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाची पदवी शिकवली जाते. म्हणजे ही विद्या सरकारी दवाखान्यात, गोरगरिबांच्या रांगेतच वाढली आहे. आपल्यापर्यंत फक्त तिचे नाव पोचलेले नाही.

घोडा उपचारात आला कसा?

डेन्मार्कमध्ये लिझ हार्टेल नावाची घोडेस्वार होती. 1944 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पोटात बाळ असताना तिला पोलिओ झाला. गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले. तिने सराव सोडला नाही. घोड्यावर चढायला आणि उतरायला तिला माणूस लागत असे. तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या बरोबरीने उतरून तिने रौप्यपदक मिळवले, आणि 1956 मध्ये पुन्हा मिळवले. तिच्यामुळे अपंग माणसांनी घोड्यावर बसण्याकडे जगाचे लक्ष गेले. 1969 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत अपंगांच्या घोडेस्वारीसाठी संघटना निघाल्या.

त्याच काळात जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधले उपचारक घोड्याची चाल उपचारासाठी वापरत होते. 1980 च्या दशकाच्या शेवटी अमेरिका-कॅनडातले काही तज्ज्ञ जर्मनीत जाऊन हे शिकले. त्यांनी त्याचा अभ्यासक्रम बांधला आणि 1992 मध्ये अमेरिकेत हिप्पोथेरपीची स्वतंत्र संघटना झाली.

इथे एक फरक लक्षात ठेवा. अपंग मुलाला घोडेस्वारी शिकवणे ही एक गोष्ट. ते चांगलेच आहे, त्यात आनंद आहे, धीर वाढतो, आणि ते प्रशिक्षित रायडिंग शिक्षकही करू शकतो. घोड्याची चाल वापरून उपचार करणे ही दुसरी गोष्ट. ते उपचारक तज्ज्ञच करतो. आणि लग्नाच्या घोड्यावर चक्कर मारून आणणे ही तिसरी. तिला उपचार म्हणून पैसे घेतले तर ती फसवणूक आहे.

तज्ज्ञ नेमके काय करतो?

समजा, मुलाला ताट समोर ठेवून स्वतःच्या हाताने जेवता यावे हे ध्येय ठरले. त्यासाठी आधी धड ताठ राहिले पाहिजे, मग हात मोकळे झाले पाहिजेत. तज्ज्ञ मुलाला जाड गादीच्या पट्ट्यावर, डोक्याला हेल्मेट घालून घोड्यावर बसवतो. एक माणूस घोडा धरून चालतो. मुलाच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस मांडीला हात लावून चालतो. आधी सरळ रेषेत संथ चाल. मग थांबा, पुन्हा चाला. मग वळणे. चालता चालता मुलाने एका हाताने कडी उचलायची आणि दुसऱ्या बाजूच्या खांबात घालायची. खाली उतरल्यावर घोड्याच्या अंगावर ब्रश फिरवायचा म्हणजे मूठ आवळण्याचा सराव होतो.

नंतर लगेच टेबलापाशी बसून चमचा धरायचा. घोड्यावर जे कमावले ते जेवणाच्या ताटापर्यंत आले तरच उपचार झाला. घोड्यावर मूल किती छान बसते याचे फोटो काढून उपचार पुरा होत नाही.

उपयोग किती होतो?

सेरेब्रल पाल्सीच्या मुलांवर झालेल्या अभ्यासांत बसण्याचा तोल आणि शरीराच्या मोठ्या हालचाली सुधारल्याचे दिसले आहे. बरेचसे अभ्यास थोड्या मुलांवर केलेले आहेत. स्वमग्न मुलांसाठी अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 6 ते 16 वर्षांची 127 मुले होती. एका गटाला दहा आठवडे घोडेस्वारी शिकवली, दुसऱ्या गटाला घोड्यांविषयी माहिती दिली पण खऱ्या घोड्याला हात लावू दिला नाही. घोडेस्वारीच्या गटात चिडचिड आणि अतिचंचलपणा जास्त कमी झाला.

म्हणजे घोडा मदत करतो. पण मेंदूला झालेली इजा तो भरून काढत नाही. "इतक्या वेळा बसवा, चालायला लागेल" असे कोणताही जबाबदार तज्ज्ञ सांगत नाही. असे वचन देणाऱ्याला पैसे देऊ नका.

कुणाला बसवू नये?

हे वाचून लक्षात ठेवा, कारण इथे चूक झाली तर मूल आहे त्यापेक्षा जास्त अधू होऊ शकते.

ज्याच्या खुब्याचा सांधा सरकला आहे किंवा सरकत आहे, त्याला बसवू नये. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत साधारण तिघांमागे एकाचा खुबा सरकतो, आणि सुरुवातीला दुखतही नाही. एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही.

डाउन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेतले वरचे दोन मणके सैल असतात. अशा मानेला धक्का बसला तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. आधी मानेची तपासणी हवी.

ज्याच्या फिटा आटोक्यात नाहीत, पाठीचा कणा खूप वाकला आहे, हाडे ठिसूळ आहेत, बसण्याच्या जागी जखम आहे, ज्याला घोड्याच्या केसांनी दमा उठतो, किंवा जे मूल दोन वर्षांच्या आतले आहे, त्यालाही बसवू नये.

आणि घोडा चावला किंवा खरचटले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल. घोड्यालाही रेबीज होऊ शकतो, म्हणून त्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारा. हळद-चुना लावून घरी बसू नका.

पैसे देण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

1. उपचार कोण करणार? त्यांची व्यवसायोपचाराची किंवा फिजिओथेरपीची पदवी आहे का? महाराष्ट्रात या दोन्ही विद्यांची राज्य परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारा. विचारणे हा अपमान नाही.

2. बसवण्याआधी मुलाची तपासणी आणि खुब्याचा एक्स-रे बघणार का?

3. ध्येय काय? "बरं वाटेल" असे नको. "तीन महिन्यांत आधाराशिवाय इतका वेळ बसेल का ते बघू" असे हवे.

4. मुलाबरोबर किती माणसे चालणार? हेल्मेट मुलाच्या मापाचे आहे का?

5. घोडा या कामासाठी शिकवलेला आहे का? बँड आणि फटाक्यांत नाचवलेला घोडा तोच का?

या पाचांतल्या एकाही प्रश्नाला उडवाउडवीचे उत्तर मिळाले, तर मूल कडेवर घ्या आणि घरी या.

घोडा परवडत नसेल तर?

बहुतेक घरांना परवडणार नाहीच. म्हणून मूल उपचाराशिवाय राहिले पाहिजे असे मुळीच नाही. घोडा हे त्या तज्ज्ञाच्या हातातले एक साधन आहे. तो हेच काम लोडावर, मोठ्या चेंडूवर आणि झोक्यावरही करतो. घोडा नसलेला तज्ज्ञ उपचार करू शकतो, तज्ज्ञ नसलेला घोडा करू शकत नाही. आपण मागायचे ते तज्ज्ञाला, आणि ते मागणे हा आपला कायद्याने मिळालेला हक्क आहे.

2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासायला येते. त्या दिवशी 'पाहुणे येणार, अधू मूल घरात ठेवा' असे करू नका. त्यालाच सगळ्यांत पुढे न्या. पथकाने जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी दिली पाहिजे. आपल्या पुणे जिल्ह्याचे जिल्हा रुग्णालय औंधला आहे. तिथे चौकशी करा आणि व्यवसायोपचार तज्ज्ञाकडे पाठवा असे स्पष्ट शब्दांत सांगा. तालुक्याच्या पातळीवर पौडच्या ग्रामीण रुग्णालयातूनही चिठ्ठी मागता येते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये 21 प्रकारची अपंगत्वे धरली आहेत. त्याच्या 25 व्या कलमात दिव्यांगांना तपासणी आणि उपचारात प्राधान्य देण्याचे सांगितले आहे. चार तास रांगेत मूल मांडीवर घेऊन बसण्याची सक्ती नाही. शिपायाने अडवले तर कायद्याचे नाव घ्या. अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यूडीआयडी कार्ड काढून घ्या, पुढची बरीच दारे त्यानेच उघडतात.

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे. तिचे संरक्षण वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. कर्ज काढण्याआधी हा अर्ज भरा.

घरी काय करता येईल?

तज्ज्ञाने तपासल्यावर आणि त्याला विचारूनच हे करा. मुलाला अशा उंचीच्या पाटावर किंवा स्टुलावर बसवा की दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील. मागे भिंत असू द्या. समोर परात ठेवा, त्यात शेंगा किंवा वाटाणे सोलायला द्या. हात कामात गुंतला की पाठ आपोआप ताठ राहायला शिकते. आजोबांच्या मांडीवर किंवा घट्ट लोडावर पाय दोन्हीकडे सोडून 'घोडा घोडा' खेळणे, तेही कंबर धरून आणि सावकाश. लवकर लवकर उडवू नका.

एक गोष्ट अजिबात करू नका. ताठ पाय जोर लावून फाकवणे किंवा मालिशवालीकडून ओढून घेणे. मूल रडते आहे म्हणजे त्याला दुखते आहे. सांधा निखळू शकतो, हाड मोडू शकते.

त्या ताईचे पुढे काय झाले?

आम्ही तिला सांगितले, कर्ज काढू नका, आधी मुलाला दाखवू. एका कामाच्या दिवसाचा खाडा झाला, दोन बस बदलाव्या लागल्या, पहिल्या खेपेला संबंधित मॅडम रजेवर होत्या. दुसऱ्या खेपेला एका सरकारी रुग्णालयात व्यवसायोपचार तज्ज्ञांनी मुलाला पाऊण तास तपासले. चार वर्षांत इतका वेळ त्याला कुणी दिला नव्हता. त्यांनी पहिल्यांदा खुब्याचा एक्स-रे काढायला सांगितला. डावा खुबा सरकू लागला होता. पंधरा वेळा घोड्यावर बसवून आणले असते तर काय झाले असते, हा विचार करून ताई दवाखान्याच्या पायरीवरच बसली.

मुलाला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवले. दर आठवड्याला व्यवसायोपचार सुरू झाला. सुताराकडून मापाची खुर्ची करून घेतली. त्यासाठी वस्तीतल्या महिला मंडळाने वर्गणी काढली. आज ते मूल चालत नाही. चालेल की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. पण ते खुर्चीत बसते, आणि भाकरीचा कुस्करा स्वतःच्या हाताने खाते. निम्मे खाली सांडते. आई ते पुसते आणि त्याला पुन्हा वाटी देते.

घोड्याचे तिने तज्ज्ञांना विचारलेच. त्यांनी हसून सांगितले, "खुबा सांभाळू, मग बघू. तेव्हा मी बरोबर असेन." ताईला ते उत्तर पटले. पोराने घोड्यावर बसावे ही तिची इच्छा रास्तच आहे. फक्त त्याला सुखरूप खाली उतरवणारा माणूस शेजारी हवा.

आपल्या वस्तीत असे एखादे मूल असेल, दारामागे असेल, तर येत्या रविवारी त्याच्या आईला विहारात घेऊन या. चिठ्ठी मिळवायला आणि रांगेत बसायला आम्ही सोबत येऊ.

जय भीम. भवतु सब्ब मंगलम्.